फाटकावर कोण बसणार

आमच्या धाकटीला लोक आता वाघीण म्हणतात. परवा कुठल्याशा संस्थेची दोन माणसं आली. म्हणाली, त्यांचा एखादा करारी फोटो आहे का, आम्हाला भिंतीवर लावायचाय. करारी! मी म्हटलं, सुईत दोरा जात नाही म्हणून रडकुंडीला आलेली आहे एका फोटोत, तो चालेल का? दोघं एकमेकांकडे बघायला लागले. अहो, झुरळ दिसलं तर ही बाई पलंगावर चढून मला हाका मारायची. दुकानातून आणलेली वस्तू परत करायची असली की मला पुढे करायची आणि आपण बाहेर पायरीवर उभी. वाघीण म्हणे! माणूस गेलं की लोक त्याचं काय वाटेल ते करतात.

मी तिची थोरली जाऊ. घर एकच, आम्ही खाली, ती आणि माझे दीर वर. जावा जावा आणि उभा दावा म्हणतात ना, तसं भांडलोही भरपूर. पाण्याच्या टाकीवरून भांडलो, गच्चीतल्या दोरीवरून भांडलो, आणि एकदा तर कुकरच्या शिट्टीवरून आठवडाभर बोललो नाही. पण आमच्या घरातला खरा दावा निघाला तो सरकारवर, आणि तो लावला हिनं. मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसून हसून लोळले असते.

लग्न होऊन आली ती शिवणयंत्र घेऊनच. वरच्या खोलीत खिडकीशी ते बसलं ते आजही तिथेच आहे. शाळेचे गणवेश शिवायची. शाळा उघडायच्या आधी तिच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. निळ्या कापडाचे तुकडे, खडू, बटणांचे डबे, आणि मधोमध ही, गळ्यात टेप. एकदा तशीच टेप गळ्यात घालून कोर्टात आली होती. शिपायानं विचारलं, बाई, साहेबांचं माप घ्यायला आलात का? तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं.

तिला एक मूल झालं होतं. झालं म्हणायचं आपलं, रडलंच नाही ते. दवाखान्यातून आली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. खायला दिलं तर खायची, उठ म्हटलं तर उठायची, पण डोळ्यांत काही नाही. रडायचीसुद्धा नाही. माझे दीर ट्रक चालवायचे. ते फेऱ्यावरून आले की दारातच चपला काढून उभे राहायचे. आत जावं की न जावं हे त्यांना कळायचं नाही. शेवटी डॉक्टरांनी मला सांगितलं, हिला चालवा. रोज चालवा, लांब चालवा.

मग मी तिला जंगलात न्यायला लागले. आमची गल्ली संपते तिथे पाण्याची मोठी टाकी आहे, तिच्या पलीकडे वनखात्याचं फाटक. फाटक म्हणजे काय, एक लोखंडी आडवा दांडा, माणूस वाकून आत जाईल, गाडी जाणार नाही. तिथून मातीचा रस्ता डोंगरावर चढतो. खालच्या अंगाला साधी, तरुण झाडं. वर गेलं की मात्र पार जुनी झाडं लागतात. आम्ही त्याला वरचं रान म्हणायचो. तिथली खोडं अशी, की आम्ही दोघींनी एकमेकींचे हात धरले तरी कवेत मावायची नाहीत. कितीतरी दिवस ती माझ्या मागून नुसती चालत आली, एक शब्द बोलली नाही. आणि एका सकाळी त्या वरच्या रानात खाली बसली आणि रडायला लागली. अशी रडली की मी घाबरून गेले. पोटभर रडून झाल्यावर तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "इथे रडता येतं, ताई. घरात सगळे बघतात."

त्यानंतर ती एकटी जायला लागली. येताना कधी पिसं आणायची, कधी काटक्या. वर जाऊन यायची आणि मग दिवसभर यंत्र चालायचं. हळूहळू बोलायला लागली, माझ्याशी भांडायला लागली. टाकीतलं पाणी कुणी संपवलं यावर तिनं मला फाडकन उत्तर दिलं, त्या दिवशी मी आत जाऊन देवाला हात जोडले.

आणि मग फाटकावर ती पाटी लागली. वरच्या भागातली वठलेली आणि रोगट झाडं काढून जंगलाची विरळणी करण्यात येत आहे, कुणाची हरकत असल्यास कळवावी. विरळणी! म्हाताऱ्याच्या डोक्यावर होते ती विरळणी मला माहीत होती. धाकटीनं पाटी वाचली, परत वाचली, आणि मला म्हणाली, "रोगट? ताई, ती रोगट आहेत?" ठेकेदाराची माणसं तेव्हा वर लाल रंगानं खोडांवर खुणा करत होती. सगळ्यात जाड, सगळ्यात सरळ खोडांवर. रोगट म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

पहिली सभा आमच्याच गच्चीवर झाली. गल्लीतले निम्मे लोक आले होते, कारण जंगल सगळ्यांचंच होतं. कुणी सकाळी पळायला जायचं, कुणी सरपण आणायचं, कुणी घरात भांडण झालं की तिथे जाऊन बसायचं. सिलिंडर पोचवणारा गॅसवाला होता, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या. त्यांनी एक वकीलबाई आणल्या होत्या. जाड भिंगांचा चष्मा, चहावर जगणारी, पण बोलायला लागली की समोरचा गप्प. त्या म्हणाल्या, याचिका करू, जनहिताची करू, पण ती कुणाच्या तरी नावानं करावी लागते. नाव कुणाचं घालू?

झालं. सगळे आभाळाकडे बघायला लागले. शाळेच्या बाई म्हणाल्या, माझं पेन्शन अजून अडकलंय. गॅसवाला म्हणाला, एजन्सीवाला मला दुसऱ्या दिवशी हाकलेल. आमचे हे म्हणाले, मी सरकारी नोकर, मला परवानगी नाही, आणि परवानगी नाही याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसत होता. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला सगळे तयार, हात कुणाचा एवढंच ठरेना. धाकटी कोपऱ्यात बसून एका चड्डीला टीप घालत होती. तिनं दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, "माझं घाला. माझं काय जाणार आहे?"

माझे दीर जिन्याच्या तोंडाशी उभे होते. ते लाकडाचाच ट्रक चालवायचे आणि तो ट्रक त्याच ठेकेदाराचा होता. तिचं काय जाणार होतं ते त्यांना लगेच कळलं असणार.

त्या रात्री वरून आवाज येईल म्हणून मी कान लावून होते. कसला आवाज नि कसलं काय. सकाळी भावजी खाली आले, तोंड धुतलं आणि मला म्हणाले, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, वहिनी." वरून ही ओरडली, "मी कुठे शहाणी आहे?" भावजींना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. महिनाभरात ठेकेदारानं त्यांच्याकडून ट्रकची किल्ली काढून घेतली. पाण्यात राहून माशाशी वैर, दुसरं काय होणार. मग ते सिमेंटच्या गाडीवर लागले. लांबचे फेरे, आठवडा आठवडा घरी नाहीत. आले की केसांत, पापण्यांत सिमेंट. तिला कधी म्हणाले नाहीत की सोड. आणि कधी म्हणाले नाहीत की चांगलं करतेस. "तुझं तू बघ," एवढंच. कोर्टात तर एकदाही पाऊल टाकलं नाही.

आता कोर्टाचं मी काय सांगू? ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको आणि ज्यानं पाहिलं नाही त्यानं पाहू नये. भल्या सकाळी निघायचं, डबे बांधून न्यायचे, व्हरांड्यातल्या बाकावर बसायचं. मग कधी साहेब रजेवर, कधी सरकारी वकिलांच्या घरी कार्य, कधी आमचा नंबर यायच्या आत कोर्ट उठलेलं. की पुढची तारीख. असं किती वर्षं चाललं ते मी मोजलं नाही. जी पोरं तिच्याकडून शाळेचा पहिला गणवेश शिवून घेऊन गेली, ती पोरं तिच्याकडून कॉलेजच्या पँटी शिवून घ्यायला लागली, एवढं खरं.

पण वकीलबाईंनी एक केलं, पहिल्याच झटक्यात तोडीला स्थगिती मिळवली. फक्त त्या स्थगितीत एक मेख होती. ती असायची पुढच्या तारखेपर्यंत. तारीख आली की ती संपायची आणि साहेबांनी वाढवली की परत सुरू व्हायची. वकीलबाईंनी सगळ्यांना बसवून समजावलं. तारखेच्या दिवशी सकाळी कोर्ट उघडून साहेब तोंड उघडेपर्यंत जे काही तास जातात, तेवढ्या वेळात त्या झाडांवर कुणाचं छत्र नसतं. ठेकेदाराचा वकील मूर्ख नाही, त्याला हे माहीत आहे. म्हणून तारखेच्या दिवशी फाटकावर माणूस हवाच. तो काही मारामारी करायला नको. त्यानं गाडी आडवी लावायची आणि कोर्टात मला फोन करायचा, पुढचं मी बघते.

हा नियम पाळला कुणी, तर धाकटीनं. तारीख पडली रे पडली की तिचा पहिला प्रश्न, "फाटकावर कोण बसणार?" आणि कुणीतरी बसायचंच. एकदा खरंच पहाटे दोन ट्रक आले, करवतीवाली माणसं घेऊन. गॅसवाल्यानं सिलिंडरची गाडी फाटकात आडवी लावली, किल्ली काढून खिशात टाकली आणि शांतपणे बिडी काढली. ट्रकवाला ओरडला, अरे, सिलिंडरं आहेत ना त्यात! हा म्हणाला, "म्हणून तर पेटवत नाहीये, नुसती तोंडात धरलीय. तुम्ही परत जा, मग मीही घरी जाऊन पेटवीन." कोर्ट उघडल्या उघडल्या वकीलबाईंनी साहेबांच्या कानावर घातलं आणि दुपारच्या आत स्थगिती वाढली. ट्रक रिकामे परत गेले. त्या दिवशी गल्लीत गॅसवाल्याला राजासारखा मान मिळाला. आणि एक माणूस पुरतो, हे सगळ्यांना कळलं.

मग निकालाची तारीख आली. वकीलबाई म्हणाल्या, या वेळी सगळे या, खोली भरू द्या. ही एका रिकामटेकड्या बाईची हौस आहे असं सरकारी वकील म्हणतात ना, तर साहेबांना दिसू द्या. एक छोटी बस ठरवली. सकाळी टाकीपाशी सगळे जमले, डबे, पाण्याच्या बाटल्या, कुणीतरी स्वेटर विणायला घेतलेला. फाटकावर कोण बसणार हे आदल्या दिवशी ठरलंच नव्हतं. गॅसवाला म्हणत होता, मी एवढी वर्षं बसलो, निकाल मला ऐकायचाय. शाळेच्या बाई म्हणत होत्या, मग मी काय पाप केलंय? सगळ्यांचंच खरं होतं.

तेवढ्यात भावजी गल्लीतून आले. दाढी केलेली, स्वच्छ शर्ट, हातात चहाचा थर्मास. बसपाशी आले, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही सगळे जा. फाटकावर मी बसतो."

 मी डबे बसमध्ये लावत होते, माझा हात तिथेच राहिला. एवढ्या वर्षांत त्या माणसानं तिच्या कामात पहिल्यांदा तोंड घातलं होतं. धाकटीकडे बघितलं तर तिचा चेहरा... काय सांगू. लग्नाच्या दिवशीही मी तो तसा पाहिला नव्हता. ती खाली उतरली आणि म्हणाली, "तुम्ही का बसणार? तुम्ही कोर्टात चला."

"अगं, आज तारीख आहे. फाटक रिकामं ठेवायचं नाही, तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

"एवढे महिने झाले, कुणी फिरकलंय का? त्यांची यंत्रंसुद्धा नेली त्यांनी. एका सकाळनं काय होतंय?"

"मी बसतो म्हणतोय ना."

"आणि मी चला म्हणतेय ना! एकदा तरी माझ्या शेजारी बसा हो. एकदा." आणि तिनं त्यांच्या हातातला थर्मास काढून घेतला आणि बसमध्ये माझ्याकडे दिला. सगळे हसले, टाळ्या वाजल्या, गॅसवाल्यानं शिट्टी मारली. भावजी चढले. नव्या नवरदेवासारखे अवघडून तिच्या शेजारी बसले.

कोर्टात साहेबांनी बराच वेळ वाचलं. मला अर्धं कळलं नाही, पण वकीलबाईंचा हात टेबलाखाली घट्ट मिटलेला होता आणि तो उघडला तेव्हा मला कळलं. सगळी तोड रद्द. रोगट झाडांचा अहवाल खोटा. जंगल लोकांचं आहे, ते आहे तसं राखावं. धाकटीनं भावजींची बाही धरली होती, ती सोडलीच नाही. बाहेर व्हरांड्यात आम्ही सगळ्यांनी फोटो काढला. शाळेच्या बाई लहान पोरीसारख्या रडत होत्या. भावजींनी थर्मासमधला चहा आधी तिला दिला, मग बाकीच्यांना.

परतीच्या वाटेवर बसमध्ये गाणी चालू होती. समोरून एक ट्रक आला, लाकडानं भरलेला. कुणी लक्ष दिलं नाही, रस्त्यावर ट्रक असतातच. मी भावजींच्या मागे बसले होते. ते उठून उभे राहिले आणि मान वळवून तो ट्रक लांब जाईपर्यंत बघत राहिले. आयुष्यभर लाकूड वाहिलेला माणूस, ओलं लाकूड आणि वाळलेलं लाकूड त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते खाली बसले.  मग दुसरा ट्रक आला. त्याच्या मागे तिसरा. गाणी आपोआप थांबली. धाकटी त्यांना म्हणाली, "काय झालं? अहो, काय झालं?" ते खिडकीबाहेर बघत राहिले.

फाटकाचा दांडा उचलून बाजूला ठेवलेला होता. चिखलात चाकांचे खोल चर. ठेकेदाराची माणसं सकाळी, आमची बस सुटायची वाट बघून, पाचपन्नास करवती घेऊन आत शिरली होती. साहेबांनी निकाल वाचला दुपारी. त्यांना पुरतं वरचं रानच हवं होतं, तेवढं त्यांनी आडवं केलं. गल्लीत उरलेल्या म्हाताऱ्यांनी आवाज ऐकला होता, पण त्यांना वाटलं, फाटकावर कुणीतरी असेलच.

नंतर वकीलबाईंनी त्यांना कोर्टात खेचलं, कोर्टाचा अवमान केला म्हणून. ठेकेदाराचा वकील उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, त्या सकाळी जुनी स्थगिती संपली होती आणि नवा हुकूम आला नव्हता, मग अवमान कशाचा? आणि साहेबांना ते मान्य करावं लागलं. भरपाईची वेगळी केस अजून चालू आहे. चालू द्या.

बाकीचं जंगल मात्र वाचलं, हे खोटं नाही. डोंगराचा केवढा तरी भाग, तुम्ही आलात तर बघाल, लोक अजून सकाळी पळायला जातात. पेपरात तिचं नाव आलं. लांब लांबची माणसं, ज्यांच्याकडे असेच ठेकेदार आले होते, ती तिला भेटायला यायची, आम्ही काय करू विचारायची. ती यंत्र थांबवून सगळं सांगायची, अर्ज कसा, याचिका कशी. आणि प्रत्येकाला शेवटी एकच सांगायची, "फाटक रिकामं ठेवू नका." त्यांना वाटायचं बाई जपून वागायला सांगतेय. मला मात्र ते ऐकवायचं नाही, मी चहाचं निमित्त करून उठायची.

ती वर एकदाच गेली, माझ्याबरोबर. तिथे नुसते बुंधे, पांढरे, ओलसर, आणि भुश्श्याचा वास. मी म्हटलं, रडायचं असेल तर रड बाई. ती उभीच राहिली. मग बोट दाखवून म्हणाली, "ताई, इथून आपली गच्ची दिसतेय. तुमच्या चादरी वाळत घातल्यात." आधी तिथून झाडांशिवाय काही दिसायचं नाही. आम्ही उतरलो. परत ती कधी वर गेली नाही.

आणि घरात काय झालं सांगू? भावजी एकदम गोड वागायला लागले. सिमेंटची गाडी सोडली, जवळचं काम धरलं. सकाळी चहा करून तिला हातात आणून द्यायचे. तिच्या सुईत दोरा ओवून द्यायचे, एवढाले जाड हात, जीभ बाहेर काढून. बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा. आणि ही दिवसेंदिवस वाळत चालली.

एकदा मी वर गेले तर यंत्रावर नुसती बसली होती. म्हणाली, "ताई, ते बोलत का नाहीत?"

"बोलत नाहीत काय? दिवसभर तर बोलतात. आज मला टाकी धुवायला मदत केली."

"ते नाही. 'मी बसतो म्हणालो होतो,' असं एकदा म्हणू देत ना. भांडू देत. आदळआपट करू देत. मी वाट बघतेय. भाजी जळली तर वाटतं आता म्हणतील. लाइट गेली तर वाटतं आता म्हणतील. म्हणत नाहीत. म्हणत नाहीत म्हणजे आत धरून ठेवलंय, ताई. त्यांनी मला कधी माफच केलं नाही."

मी तडक खाली आले आणि भावजींना पकडलं. म्हटलं, एकदा भांडा तिच्याशी, तेवढ्यावरून भांडा, तिला हवंय ते. ते म्हणाले, "वहिनी, तिला मी शेजारी हवा होतो. एवढ्यासाठी सगळं गेलं. त्यावरून मी तिला बोलू? जखमेवर मीठ चोळू?" आणि डोळ्यांत पाणी. काय बोलणार अशा माणसाला! दोघंही सोन्यासारखी आणि दोघांच्या मधे ते एक वाक्य. मी हिला सांगितलं, अगं, त्यांच्या मनात काही नाही. ती म्हणाली, "तुम्ही समजूत घालताय." मी परत त्यांच्याकडे गेले. परत तेच. असं मी वर-खाली किती वेळा केलं असेल.

मग तिचं दुखणं निघालं. पोटात होतं, उशिरा कळलं. शेवटी शेवटी ती दवाखान्यात खिडकीजवळच्या खाटेवर असायची, आणि बाहेर गाड्या लावायची जागा, दुसरं काही नाही. एका दुपारी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा. मी आत आले. भावजी स्टुलावर बसून मोसंबं सोलत होते, ती खात नव्हती तरी. मला असा राग आला, त्यांचा, तिचा, त्या मोसंब्याचा! मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि म्हटलं, "भावजी, आता तरी बोला. तिच्यासाठी नाही तर माझ्यासाठी बोला. मला आता जिने चढवत नाहीत."

त्यांनी हाताला लागलेला रस शर्टाला पुसला. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "मी बसतो म्हणालो होतो."

तिनं डोळे उघडले.

"म्हणालो होतो मी," त्यांचा आवाज फुटला, "पण मी बसलो असतो तरी काय झालं असतं? ते एवढे जण, मी एकटा, त्यांनी मला बाजूला करून..."

"ते नको," ती म्हणाली. बोलायला तिला त्रास होत होता. "पुढचं नको. पहिलंच म्हणा."

ते रडत होते. त्यांनी परत म्हटलं, "मी बसतो म्हणालो होतो."

"हो," ती म्हणाली. "म्हणाला होतात. मीच ऐकलं नाही."

मग तिनं हात पुढे केला, भावजींनी तो धरला, आणि तिनं मला ते मोसंबं परत द्यायला सांगितलं. दोन फोडी खाल्ल्या.